जननक्षम जोडप्यांच्या यादीबाहेर

मज्जारज्जूला इजा झाल्यावर अनेक स्त्रियांची पाळी थांबते. शरीराला बसलेल्या धक्क्याचा तो परिणाम असतो. साधारण चार-पाच महिन्यांत, कुणाला त्याहून थोड्या अधिक काळाने, ती पुन्हा सुरू होते. पाळी सुरू झाली की गर्भ राहण्याची शक्यता अपघातापूर्वी होती तेवढीच असते. बीज पाळीच्या आधी सुटत असल्यामुळे पहिली पाळी दिसण्यापूर्वीही दिवस जाऊ शकतात. पाय हलत नाहीत, कमरेखाली स्पर्श कळत नाही, लघवीसाठी नळी आहे, यातल्या कशानेही बीजकोशांचं काम थांबत नाही. ते संप्रेरकांवर चालतं आणि संप्रेरकं रक्तातून पोचतात, मज्जारज्जूतून नव्हे.

पुरुषांच्या बाबतीत परिणाम खोल असतो. इजा मणक्यात किती उंचीवर झाली आणि मज्जारज्जू पूर्ण तुटला की अर्धवट, यावर बरंच अवलंबून असतं. इजा वरच्या भागात असेल तर स्पर्शाने येणारी ताठरता बहुधा टिकते, कारण तिचं केंद्र मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाला असतं. वीर्यपतन मात्र बहुसंख्य पुरुषांना संभोगातून होत नाही आणि झालं तरी शुक्रजंतूंची हालचाल मंद असते. म्हणजे मूल होण्याची शक्यता घटते, संपत नाही. इजा अर्धवट असलेल्यांत ती बऱ्यापैकी असते.

एवढी माहिती मणक्याला मार लागलेल्या प्रत्येक माणसाला दवाखान्यातून घरी जाताना मिळायला हवी. आपल्याकडे ती क्वचित मिळते. बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदला, नळी स्वच्छ ठेवा, पाणी भरपूर प्या, व्यायाम चुकवू नका, असं सांगतात. या सगळ्या सूचना जीव वाचवणाऱ्या आहेत आणि त्यांचं मोल कमी नाही. पण ज्याला त्या दिल्या जातात तो पंचवीस-तीस वर्षांचा असतो, बहुधा लग्नाचा असतो किंवा नुकतंच लग्न झालेलं असतं, आणि त्याच्या संसाराबद्दल कुणी एक शब्द काढत नाही.

हे चित्र एका जिल्ह्यावरून पाहू. अहमदनगर, म्हणजे 2024 पासूनचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके. अकोले तालुक्याच्या डोंगरातून जामखेडपर्यंत जायचं तर सबंध दिवस मोडतो. भारतात मज्जारज्जूच्या इजेची दोन मोठी कारणं आहेत, उंचावरून पडणं आणि रस्त्यावरचे अपघात. शेतीच्या मुलखात उंचावरून पडणं म्हणजे विहिरीचं काम, झाड, कठडा नसलेली गच्ची, बांधकामाची परांची. रस्त्यावर मोटारसायकली आहेत, आणि गळिताच्या हंगामात अंधारातून जाणाऱ्या, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. तिसरं कारण परदेशी पुस्तकांत फारसं सापडत नाही, पण आपल्याकडे विसरून चालणार नाही. ते म्हणजे मणक्याचा क्षयरोग. त्यानेही पाय जातात, आणि गर्भनिरोधाच्या प्रश्नात त्याचा वेगळाच गुंता आहे. तो पुढे येईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या अहवालानुसार जगात दरवर्षी अडीच ते पाच लाख लोकांच्या मज्जारज्जूला इजा होते आणि त्यात पुरुष स्त्रियांच्या किमान दुप्पट असतात. त्यामुळे या विषयातलं संशोधन प्रामुख्याने पुरुषांच्या लैंगिक क्षमतेवर झालं आणि स्त्री मागे राहिली. अमेरिकेत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात इजा झालेल्या पावणेपाचशेच्या आसपास स्त्रियांना विचारण्यात आलं. अपघातापूर्वी त्यांच्यापैकी 87 टक्के स्त्रियांचे शरीरसंबंध होते, अपघातानंतर 67 टक्क्यांचे. दोन-तृतीयांश स्त्रिया! खुर्चीत बसलेल्या बाईला 'आता तसलं काही नसतंच' असं गृहीत धरणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

आपल्याकडचे आकडे वेगळी गोष्ट सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण अर्धा टक्कासुद्धा नाही. तांबी, गोळ्या, निरोध यांचा वाटा त्यामानाने किरकोळ. आपल्या खेड्यांत पाळणा लांबवणं जवळजवळ नाहीच. दोन-तीन मुलं झाली की पंचविशीच्या आगेमागे बाईचं ऑपरेशन होतं आणि प्रश्न मिटला असं मानतात. यातून आपल्या विषयाचा आकार ठरतो. अपघात चाळिशीत झाला तर जोडप्याचा गर्भनिरोधाचा निर्णय आधीच झालेला असतो. अडचण येते ती अविवाहितांची, नवविवाहितांची आणि एकच मूल असलेल्यांची. त्यांना तात्पुरती, परत घेता येणारी साधनं लागतात, आणि आपली यंत्रणा नेमकी तिथेच लंगडी आहे. याच सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या, म्हणजे पाचव्या फेरीत घरातल्या अपंगत्वाबद्दल प्रश्न होते. सहाव्या फेरीतून ते वगळले गेले. मोजणीतूनच काढून टाकलेल्या माणसांची गरज कुठल्या आराखड्यात दिसणार?

आता साधनांकडे वळू, कारण इथे सरसकट सल्ला चालत नाही. जे धडधाकट बाईला सोपं ते हिला धोक्याचं असू शकतं, आणि उलटही.

माला-एन सारखी रोजची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. तिच्यात इस्ट्रोजेन असतं आणि इस्ट्रोजेनने रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढते. मज्जारज्जूच्या इजेनंतर पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका मुळातच मोठा असतो, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. ती गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जातो. पाय सुजला, दुखला तर सर्वसाधारण बाई डॉक्टरकडे धावते. हिला दुखणंच कळत नाही. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांचे निकष व्हीलचेअरवर असणाऱ्या स्त्रीसाठी ही गोळी तिसऱ्या श्रेणीत टाकतात, म्हणजे फायद्यापेक्षा धोका बहुधा जास्त. गोळ्यांचं पाकीट हातात देण्यापूर्वी एवढं पाहणं आवश्यक आहे, आणि त्यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही.

तांबीत इस्ट्रोजेन नाही, एकदा बसवली की पाच किंवा दहा वर्षं बघायला नको, म्हणून ती वरवर उत्तम वाटते. अनेकींसाठी ती खरोखरच चांगली आहे. पण तांबीने पाळीचा स्राव वाढतो. जिला स्वतःला कापड किंवा पॅड बदलता येत नाही, जी त्यासाठी आईवर किंवा सासूवर अवलंबून आहे, जिची कातडी ओलाव्याने लगेच फाटते, तिच्यासाठी वाढलेला स्राव ही साधी कटकट राहत नाही. तांबी सरकली किंवा गर्भपिशवीत जंतुसंसर्ग झाला तर ओटीपोटात दुखतं, आणि तेच तिला जाणवणार नाही. मग ताप, वाढलेला पायांचा ताठरपणा, अंगावरून जाणारा वास मारणारा स्राव, अशा दुसऱ्या खुणा ओळखायला तिला आणि घरच्यांना शिकवावं लागतं. संप्रेरक असलेली तांबी पाळीचा स्राव उलट कमी करते. म्हणून अनेक तज्ज्ञ अशा स्त्रियांसाठी ती पसंत करतात. खाजगी दवाखान्यात मिळते, पण बरीच महाग पडते.

तांबी बसवतानाची एक गोष्ट प्रत्येक नर्सबाईला माहीत असायला हवी. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा तिच्या वर असेल तर खालच्या अंगाला झालेला कसलाही त्रास, मग तो भरलेल्या मूत्राशयाचा असो की गर्भाशयाचं तोंड धरणाऱ्या चिमट्याचा, रक्तदाब एकदम चढवू शकतो. डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला घाम सुटतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. तो न ओळखल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. उपाय सोपे आहेत. चालू असलेलं काम ताबडतोब थांबवायचं, रुग्णाला उठवून बसवायचं, नळी तुंबली आहे का पाहायचं, रक्तदाब मोजत राहायचं आणि डॉक्टरला बोलवायचं. बाळंतपणातही हेच घडू शकतं. तिथे ते बाळंतवाताच्या रक्तदाबासारखं दिसतं आणि उपचार चुकतात.

सरकारी कार्यक्रमात 2017 पासून 'अंतरा' हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आलं. ते घेतलेल्या अनेकींची पाळी हळूहळू कमी होत थांबते, आणि ज्या स्त्रीला पाळीची स्वच्छता दुसऱ्याकडून करून घ्यावी लागते तिला हा मोठा दिलासा वाटतो. इतर बायका ज्या कारणाने अंतरा सोडतात त्याच कारणाने ही ते घेईल. पण त्याने हाडांतला चुना घटतो, आणि मज्जारज्जूच्या इजेनंतर पायांची हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात. खाटेवरून खुर्चीत जाताना मांडीचं हाड मोडावं आणि दोन दिवस कळू नये, असं होऊ शकतं. म्हणून अंतरा काही काळासाठी ठीक, वर्षानुवर्षं चालवायचं तर डॉक्टरशी बोलून.

आता क्षयाचा गुंता. मणक्याच्या क्षयावर जी औषधं महिनोन् महिने चालतात त्यातलं रिफॅम्पिसिन हे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतं. बाई गोळी न चुकवता घेते आणि तरी दिवस जातात. दंडात बसवायच्या कांडीचंही तेच. तांबी आणि अंतरा यांच्यावर मात्र या औषधाचा परिणाम होत नाही. क्षयाचं औषध एका खिडकीवर आणि पाळणा लांबवण्याचं दुसऱ्या, अशी विभागणी असलेल्या व्यवस्थेत ही गाठ कुणाच्याच नजरेला पडत नाही.

निरोध स्वस्त आहे, सोपा आहे आणि गुप्तरोगापासूनही वाचवतो. ज्याला कायमची नळी आहे तो नळी मागे दुमडून तिच्यावरून निरोध चढवू शकतो. फक्त एक काळजी. वर्षानुवर्षं रबरी नळ्या वापरणाऱ्यांपैकी काहींना रबराची अॅलर्जी होते, आणि निरोधही त्याच रबराचा असतो.

मग उरतं ऑपरेशन. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात हवा भरतात आणि टेबल डोक्याकडे उतरतं करतात. ज्यांच्या श्वासाचे स्नायू दुबळे झाले आहेत त्यांना ते सोसत नाही. शिबिरात एका पाठोपाठ एक बायका घेणाऱ्या ओळीत ही बाई बसवू नये, भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयातच तिचं ऑपरेशन व्हावं. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी त्याहून कितीतरी सोपी आहे, पण तिथेही एक बारकावा राहून जातो. नसबंदीनंतर तीन महिन्यांनी वीर्य तपासून शुक्रजंतू संपल्याची खात्री करायची असते. ज्याचं वीर्यपतनच होत नाही तो तपासणीला नमुना कसा देणार?

पुरुषाच्या इजेत आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. नवऱ्याचं कमरेखालचं अंग गेलं म्हणजे तो 'गेला' असं गाव समजतं. जोडपंही तेच समजून काही वापरत नाही. मग बायकोला दिवस गेले तर बोट तिच्याकडे वळतं. अर्धवट इजा असलेल्या पुरुषापासून मूल होऊ शकतं हे वैद्यकातलं साधं सत्य त्या घरात वेळेवर पोचलं नाही, याची किंमत तिने मोजायची. दवाखान्यातला पाच मिनिटांचा संवाद तिला या सगळ्यातून वाचवू शकतो.

साधनं तर आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं? तपासणीचं टेबल कमरेइतकं उंच, त्यावर चढायला दोन पायऱ्यांचं स्टूल. पाय ताठ होत असलेल्या बाईला त्यावर झोपवायचं तर तीन माणसं लागतात आणि तिच्या लाजेचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच. उतरण असली तरी ती इमारतीच्या दारापर्यंत. शौचालयापर्यंत बहुधा नाहीच. एसटीत चढता येत नाही, म्हणजे जीप करायची, म्हणजे एक दिवसाची मजुरी अधिक भाडं. तेवढं करून कुणी बाई 'पाळी चुकू नये म्हणून काहीतरी द्या' एवढं बोलायला जाईल, हे संभवत नाही.

तरीही या जिल्ह्यात एक दार उघडं आहे. 2011 मध्ये सुरू झालेल्या योजनेतून आशाताई साधनं घरपोच देतात: एका रुपयात तीन निरोध, एका रुपयात गोळ्यांचं पाकीट. घराबाहेर न पडता येणाऱ्या माणसासाठी याहून सोयीची योजना आखता आली नसती. आशाताईकडे जननक्षम जोडप्यांची नोंदवही असते, त्यात लग्न झालेल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रिया येतात. खाटेवरची सून कागदावर त्या वहीत असतेच. पण आशाताई त्या घरी जाते ती तिच्या जखमेची चौकशी करायला, पाळण्याचं विचारायला शेजारच्या घरी. कारण प्रशिक्षणात तिला कुणी हे सांगितलेलं नसतं. आणि अविवाहित मुलीचं तर वहीत नावच नाही.

महाराष्ट्राला या विषयाचा वारसा नाही असं नाही. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून मृत्यूपर्यंत, 1953 पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. शरीरसुख आणि संतती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीवर प्रत्येकाचा हक्क आहे, हे त्यांचं म्हणणं होतं. अपंग माणसाच्या संदर्भात ते अजून कुणी नीट मांडलेलं नाही. आपल्याकडे अपंग आणि गर्भनिरोध हे शब्द एकत्र आले ते बहुतेक वेळा जबरदस्तीच्या संदर्भात. सक्ती अपंगांपुरतीही नव्हती: आणीबाणीत, 1976 मध्ये, राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालं नाही. 1994 मध्ये पुणे–नगर रस्त्यावरच्या शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या गतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिलं गेलं पाळीच्या स्वच्छतेचं. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. आजही 'पिशवीच काढून टाका, कटकट नको' हे वाक्य घरच्यांच्या तोंडी सहज येतं. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या टोळ्याही त्याच फडावर जातात. पाळी हीच अडचण मानली की उपाय सुरीचाच सुचतो.

कायदा मात्र स्पष्ट आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 याचं दहावं कलम म्हणतं की प्रजनन आणि कुटुंब नियोजनाची माहिती दिव्यांगांना मिळेल हे सरकारने पाहावं, आणि स्वतःच्या मुक्त व जाणत्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया कुणावर करता येणार नाही. मज्जारज्जूच्या इजेत बुद्धीला काहीच झालेलं नसतं. म्हणून आईने, भावाने, नवऱ्याने दिलेली संमती इथे संमतीच नव्हे. सरकारच्या निकषांनुसार स्त्री नसबंदीसाठी वय किमान 22, लग्न झालेलं आणि किमान एक मूल असावं लागतं, जोडीदाराची सही लागत नाही. 'लग्न व्हायचं नाही, ऑपरेशन करून टाकू' म्हणून आणलेल्या मुलीला परत पाठवायला एवढे निकष पुरेसे आहेत. राज्याने 2022 मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. दिव्यांग आणि अव्यंग यांच्या लग्नाला सरकार अनुदान देतं, ग्रामपंचायतींनी पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा आहे. लग्नाला पैसे देणाऱ्या सरकारने त्या लग्नानंतरच्या शरीरसंबंधांबद्दल चार ओळींचं पत्रकही काढू नये, याची चीड येते.

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, बऱ्याचशा दलित बायका तिथे आरोग्यसेविका झाल्या. त्यांनी पाळणा लांबवण्याची गोष्ट घरात शिरवली ती उद्दिष्टाच्या दडपणाने नाही. आधी पाणी आलं, पोरं जगू लागली, मग बायका स्वतः विचारू लागल्या. त्याच आवारात पाय गमावलेल्यांसाठी जयपूर फूट बनवण्याची कार्यशाळाही आहे. एकाच अंगणात अपंगाचा पाय आणि बाईचा पाळणा या दोन्ही गोष्टींवर काम झालं, ही माझ्या दृष्टीने जामखेडची मोलाची शिकवण आहे. बाहेरच्या डॉक्टरला जे विचारता येत नाही ते शेजारणीला विचारता येतं.

जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट इथे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, लोणीला फिजिओथेरपीचं महाविद्यालयही आहे. मणक्याच्या रुग्णाशी सगळ्यात जास्त वेळ बोलतो तो फिजिओथेरपिस्ट. महिनोन् महिने रोज. त्याला हा विषय काढायला शिकवलं तर अर्धं काम होईल. उरलेलं अर्धं आशाताईच्या एका प्रशिक्षण-दिवसाचं. आपल्याच मातीतलं एक आत्मकथन त्यांच्या हाती द्यावं: कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची'. सोळाव्या वर्षी चालणं गेलेल्या बाईचं आयुष्य तिच्याच शब्दांत वाचणारी आशाताई खाटेवरच्या मुलीकडे वेगळ्या नजरेने पाहील.

गर्भनिरोधाचा उपयोग मूल नको असणाऱ्यांनाच होतो असं नाही. मूल हवं असलेल्या अपंग जोडप्याला तो अधिक लागतो, कारण त्यांना वेळ साधायची असते. गर्भ राहण्यापूर्वी मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आटोक्यात हवा, बेडसोर भरलेला हवा, ताठरपणाच्या आणि झटक्यांच्या गोळ्यांतल्या गर्भाला घातक असणाऱ्या बदललेल्या हव्यात. इजा छातीच्या दहाव्या मणक्याच्या वर असेल तर पुरुषाचं वीर्य कंपन देणाऱ्या साध्या उपकरणाने अनेकदा मिळवता येतं आणि त्यावर घरच्या घरी प्रयत्नही करता येतात, पण ते आधी डॉक्टरच्या देखरेखीखाली शिकावं लागतं. बाळंतपणाच्या कळा जाणवतीलच असं नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यांत कुणीतरी रोज पोटाला हात लावून पाहायचं, आणि बाळंतपण भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयातच ठरवायचं. ही तयारी व्हायला सहा महिने लागतात, कधी वर्ष. तेवढा काळ दिवस जाऊ नयेत यासाठी साधन हवं, आणि अपंग बाईच्या गरोदरपणात काही बिघडलं तर 2021 च्या सुधारित कायद्याने चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा तिला दिली आहे, हेही त्याच बैठकीत तिला सांगायला हवं.